घाटवाट आणि आमचे चालते घर
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या व्यासपीठावरून न्यासाच्या कार्याचा गौरव करणारी अनेक भाषणे झाली. ती सर्व यथार्थ आहेत. आम्हांला मात्र चिटणीसांनी विषय दिला आहे तो मोटारीचा. न्यासाची जी जुनी बस घरासारखी करून आम्ही शिक्षक मंडळी गावोगावी नेतो, ती घाट कशी चढते आणि कशी उतरते, हे आम्ही सांगावे अशी त्यांची आज्ञा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने फळा सोडून गिअरवर बोलावे याचे कित्येकांना हसू येईल. परंतु ही बस पुढे चालू ठेवावी की बंद करावी, हा प्रश्न विश्वस्तांच्या पुढे आहे. घाटात एकदा आम्ही संकटात सापडलो होतो ही वार्ता शहरभर झाली असून तिला पाय फुटून ती बरीच लांबही गेली आहे. तेव्हा निर्णय होण्यापूर्वी खरे काय घडले ते आमच्याच तोंडून ऐकलेले बरे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

प्रथम बसची ओळख करून देतो. २०२३ साली एका शाळेने आपली जुनी बस विकायला काढली, ती न्यासाने घेतली. कल्पना अशी होती की, खानापूर, चंदगड, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतील डोंगरकपारीच्या लहान शाळांत पुस्तके आणि प्रयोगाचे साहित्य घेऊन जावे, एकेका गावी दोन दिवस मुक्काम करावा आणि पुढे निघावे. अशा गावी चार-सहा पाहुण्यांची सोय करणे म्हणजे यजमानांवर भार. गावकरी प्रेमाने करतात, पण त्यांच्या घरातली माणसे ओसरीवर झोपतात हे आम्ही पाहिले होते. म्हणून गाडीतच राहण्याची सोय करावयाची ठरली. बाके काढून निजण्यासाठी चार फळ्या बसवल्या. मागच्या अंगाला लहानसा ओटा, त्यावर गॅसची शेगडी आणि त्याच्या पलीकडे पाचशे लिटरची पाण्याची टाकी. दोन्ही अंगांना पुस्तकांची कपाटे आणि खाली सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, काचसामान यांच्या पेट्या. कायद्याप्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वर्णनाहून गाडीत निराळा फेरफार करावयाचा तर परवानगी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम तेच सांगते. त्याप्रमाणे कागदपत्रे केली, तपासणी झाली आणि २०२४ मध्ये आमचे चालते घर रस्त्यावर आले. मुलांनी तिचे नाव ‘पुस्तकांची एस्टी’ असे ठेवले व तेच रूढ झाले.

गाडी हाकणारे आमचे चालकमामा. त्यांचे नाव घ्यावयाचे नाही अशी त्यांनी आम्हांला ताकीद दिली आहे. ते समोरच्या शेवटच्या रांगेत बसले आहेत आणि आता मान खाली घालतील. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. लाकूड, ऊस, साखर, माणसे असे सर्व काही वाहून नेत त्यांची तीस वर्षे घाटांत गेली. या भाषणाचे सार काय म्हणाल तर एका पदवीधर प्रशिक्षित शिक्षकाला सातवी शिकलेल्या गृहस्थाने दिलेला धडा, इतकेच.

आता घाटाकडे वळू. आपल्या बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर. कोकण आणि गोवा खाली समुद्राला लागून. मधे सह्याद्रीची भिंत. ही भिंत उतरावयाच्या आपल्या नेहमीच्या वाटा तीन. लोंढ्यावरून जाणारा अनमोड घाट, जांबोटी-कणकुंबीवरून जाणारा चोर्ला घाट आणि शिनोळीकडून चंदगड तालुक्यातून जाणारा आंबोली घाट. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि आंबोलीस हिरण्यकेशी. दोन्ही नद्यांनी कोकणाकडे पाठ करून पूर्वेची वाट धरली आहे. पाण्यालाही ही भिंत ओलांडण्याचे धाडस झाले नाही, असे आम्ही मुलांना गमतीने सांगतो.

आंबोलीची वाट वेंगुर्ल्याच्या बंदराशी बेळगावास जोडणारी. इंग्रजांच्या काळी येथील छावणीचा माल या मार्गाने वर येई आणि आंबोली हे वाटेवरचे मुक्कामाचे ठाणे होते. जुनी माणसे सांगत की, चढाच्या पायथ्याशी गाडीवान जादा बैलजोडी जुंपीत आणि उताराला लागताना गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका दोराने बांधून तो फरफटत नेत. बैलांवर विश्वास नव्हता असे नव्हे, परंतु बैलाच्या मानेवर किती भार टाकावा याला मर्यादा आहे हे त्या निरक्षर गाडीवानास ठाऊक होते. रेल्वेच्या इंजिनिअरांनी हेच केले. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर चालून गेल्यावर एक मीटर उंची. रेल्वेच्या मानाने हा चढ फार कडक समजतात. तेथे उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर घेऊन थांबवण्यासाठी खास फाटे ठेवलेले आहेत. ब्रेक निकामी होऊ शकतो हे धरूनच त्या लोकांनी रस्ता आखला. आम्ही मात्र ब्रेक चालणारच असे धरून निघालो.

मार्च २०२५ मधील गोष्ट. सावंतवाडीच्या बाजूच्या पाच शाळांचा दौरा ठरला होता. गाडीत आम्ही दोघे शिक्षक, मामा, स्वयंपाकाला एक मावशी आणि मदतीला महाविद्यालयात शिकणारे आमचे चार माजी विद्यार्थी, त्यांत दोन मुली. निघण्याच्या आदल्या दिवशी एका दात्याने पुस्तकांचे गठ्ठे आणून दिले. दात्याचे मन मोडू नये आणि कोकणातल्या मुलांना पुस्तके अधिक मिळावीत, म्हणून कपाटे भरल्यावर उरलेले गठ्ठे आम्ही निजायच्या फळ्यांखाली सारले. पुस्तक हातात घेतले म्हणजे हलके वाटते. सरासरी पाव किलोचे धरले तरी अठराशे पुस्तकांचे साडेचारशे किलो होतात, हा हिशेब पाचवीचा मुलगा करील. आम्ही तो केला नाही.

आंबोलीस पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. घाट लागण्यापूर्वी मामांनी गाडी बाजूला घेतली, चाकांना हात लावून पाहिले आणि आमच्याकडे येऊन म्हणाले, “सर, टाकी हितंच मोकळी करूया. खाली पाणी गावतंय की.”

आम्ही म्हटले, “मामा, मार्च महिना आहे. ज्या शाळेत जातो तिथली विहीर आटली असे हेडमास्तरांनी कळवले आहे. आठ माणसांनी त्यांच्या पाण्यावर जगायचे का?”

मामा म्हणाले, “मग पुस्तकं तरी थोडी वर ठिवूया. परत येताना न्हेऊ. गाडी मागं बसल्यागत वाटतीया. स्टेअरिंग हलकं लागतंय.”

आम्ही हसून म्हटले, “स्टेअरिंग हलके लागते ते चांगलेच की.”

मामांनी आमच्याकडे पाहिले. “बरं. तुम्ही म्हणताय तर,” एवढेच बोलून ते जागेवर जाऊन बसले.

बंधुभगिनींनो, हे वाक्य आजही आमच्या कानांत आहे. स्टेअरिंग हलके लागते याचा अर्थ पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला आहे. आमची टाकी मागच्या आसाच्याही मागे होती. मागच्या आसाला टेकू समजा, त्याच्या मागे अर्धा टन पाणी ठेवा, म्हणजे गाडीचे पुढचे टोक उचलले जाणारच. यालाच तरफेचा नियम म्हणतात आणि तो आम्ही वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहो. फळ्यावर शिकवलेली तरफ आमच्याच गाडीत बसली होती व आम्हांला ती ओळखता आली नाही. अनुभवी हाताला ती कळली होती.

मामांनी घाट उतरण्यास प्रारंभ केला तो खालच्या गिअरमध्ये. पहिला टप्पा ठीक गेला. परंतु भाराने गाडी पुढे लोटू लागली आणि ब्रेक वरचेवर लावावा लागला. धबधब्याच्या खाली काही वळणे गेल्यावर जळका वास आला. मागे बसलेल्या मुलींपैकी एकीने विचारले, “मावशी, शेगडी बंद आहे ना?” मावशींनी उठून पाहिले. शेगडी बंदच होती. त्याच वेळी मामांनी आमच्याकडे न वळता सांगितले, “सर, सगळ्यांना बसून घट्ट धरायला सांगा. पेडल दाबतोय, पण गाडी म्हणावी तशी धरंना झालीया.”

पुढे जे झाले त्याला दीड-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. मामांनी गिअर आणखी खाली आणला. इंजिन किंचाळले, गाडीला हिसका बसला, एक कपाट उघडून पुस्तके खाली आली. ब्रेकवर सतत पाय ठेवून न बसता त्यांनी थोडा पण जोराचा ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला. हवेच्या दाबाच्या काट्याकडे त्यांचे लक्ष होते, कारण वायूच्या ब्रेकमध्ये पेडल फार वेळा मारले तर साठवलेली हवा संपत जाते. एका वळणापुढे डोंगराच्या अंगाला रस्ता रुंद झाला होता. तेथे त्यांनी गाडी डोंगराला लागून नेऊन थांबवली. गाडी थांबताच आमचा एक विद्यार्थी उडी मारून खाली गेला व त्याने चाकांपुढे ठोकळे लावले. मग सगळे खाली उतरले. कोणी काही बोलेना. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

एका उत्साही वाटसरूने घागरभर पाणी आणून चाकांवर ओतण्याची तयारी केली. मामांनी त्याचा हात धरला. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते. हवेनेच थंड होऊ द्यावयाचे, दुसरा उपाय नाही. तासाहून अधिक वेळ आम्ही त्या वळणावर बसून होतो. ते दिवस रमजानचे होते. सूर्य खाली गेला तेव्हा मामांनी आपल्या पिशवीतून खजुराची पुडी काढली. ती त्यांनी सकाळीच आमच्यासाठी बेळगावात घेऊन ठेवली होती. जे पाणी सोडून द्या म्हणून त्यांनी सांगितले होते, त्याच टाकीतले पाणी त्यांनी तांब्यात आणून आमच्यापुढे धरले. ते एक शब्द बोलले असते तर आम्हांला बरे वाटले असते. ते बोलले नाहीत.

त्या रात्री दाणोलीच्या पुढे मुक्कामी पोहोचल्यावर आम्ही वहीत हिशेब मांडला. तो येथे थोडक्यात सांगतो, कारण घाटाने जाणाऱ्या प्रत्येकाच्या तो उपयोगी आहे. गाडीचे वजन नऊ टन धरा आणि उतरण्याची उंची साडेपाचशे मीटर. एवढे वजन एवढे खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती उष्णतेत मोजली तर तीस अंशांचे सुमारे १६५ लिटर पाणी उकळीस आणील इतकी असते. ही उष्णता कोठेतरी गेलीच पाहिजे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर तिचा मोठा भाग इंजिन ओढून घेते आणि वाऱ्यावर सोडते. वरच्या गिअरमध्ये ठेवली अथवा भार फार झाला तर तीच उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो आणि अस्तरापासून दूर सरकतो, अस्तरही तापून गुळगुळीत होते व त्याची पकड सुटते. पेडल दाबले जाते, पण गाडी धरत नाही. यात यंत्राचा दोष नाही. ते यंत्र जितके काम करू शकते त्याहून अधिक आपण त्यास सांगितलेले असते. आणि इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे जे शहाणे आहेत, ते तर इंजिनाची ही मदत आपल्या हातांनी दूर सारतात.

दुसऱ्या दिवशी गाडी सावंतवाडीस काट्यावर नेली. नोंदणीपुस्तकातील मर्यादेपेक्षा वजन सहाशे किलो जास्त भरले. त्या कागदाची प्रत आम्ही विश्वस्तांना दिली आहे. सहाशे किलोंत पाणी आणि जादा पुस्तके जवळजवळ संपूर्ण बसत होती. म्हणजे मामांनी जे काढा म्हणून सांगितले होते, नेमके तेच जास्त होते. काट्यावर जे छापून आले, ते त्यांना आदल्या दिवशी हाताच्या तळव्याने कळले होते.

तेथेच, काट्याच्या छपराखाली, सर्वांच्या देखत आम्ही मामांची क्षमा मागितली. ते संकोचले. म्हणाले, “असू द्या सर. मीबी जोर धरायला पायजे होता.” परंतु आमच्या मते त्यांचे हे म्हणणे बरोबर नाही. पंचवीस वर्षांच्या मुलालाही ‘सर’ म्हणून मान देणाऱ्या माणसाने आमच्यापुढे जोर कसा धरावा? जोर धरण्याची वाट आम्हीच बंद केली होती. शिकलेल्या माणसाला आपले अज्ञान दिसत नाही ते याच कारणाने, की त्याला विरोध करण्याचा अधिकार आपण कोणास ठेवीत नाही.

दौरा आम्ही पूर्ण केला. ब्रेकची अस्तरे बदलून घेतली, मेकॅनिकने सर्व तपासून दिले. जादा पुस्तके एका शाळेस कायमची देऊन टाकली, तेथे ती अधिक उपयोगी पडत आहेत. ज्या शाळेची विहीर आटली होती तेथे गावकऱ्यांनी बैलगाडीतून पिंपे आणून आम्हांला पाणी पुरवले. एवढ्यासाठीच आम्ही अर्धा टन पाणी डोंगरावरून खाली आणले होते!

आता परतीचा चढ. पाचव्या दिवशी पहाटे निघालो, कारण मामांच्या मते घाट चढावा तो थंड वेळी. टाकी पूर्ण रिकामी केली. आम्ही अर्धी ठेवू का म्हणून विचारले, आता विचारायला शिकलो होतो. मामा म्हणाले, “अर्धी तर नगोच. पाणी हालतं आन् वळणावर गाडीला ओढतं.” हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. भरलेल्या टाकीत पाण्याला हलण्यास जागा नसते, अर्ध्या टाकीत ते एका अंगाकडून दुसरीकडे धावते व गाडी झुकत असेल त्याच दिशेला तिला आणखी ढकलते.

चढाची सुरुवात होण्याच्या आधीच मामांनी गिअर खाली आणला. चढावर वेग मेल्यावर घाईघाईने गिअर शोधणे म्हणजे परीक्षेच्या दालनात पुस्तक उघडण्यासारखे आहे. वेग ताशी पंधरा ते अठरा किलोमीटर. मागून मोटारी भोंगे वाजवीत होत्या. मामा जागा मिळेल तेथे बाजूला होऊन त्यांना पुढे सोडीत, पण वेग वाढवीत नसत. आम्ही वहीत पुन्हा आकडे मांडले. वीसास एक चढावर ताशी १८ किलोमीटर वेगाने नऊ टन वर न्यावयाचे तर नुसत्या उचलण्यासाठी सुमारे २२ किलोवॅट, म्हणजे तीस अश्वशक्ती खर्च होते. वेग दुप्पट करा, शक्तीही दुप्पट लागते. ती देताना इंजिन अधिक तापते, आणि गाडीचा वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा त्यास पुरेसा गार करीत नाही. जुन्या इंजिनाकडून किती घ्यावे याची मर्यादा आहे. जुन्या बैलाप्रमाणे ते आपल्या चालीने चालले तर माथ्यावर पोहोचते, मारझोड केली तर वाटेत बसते.

एका ठिकाणी तापमानाचा काटा वर सरकू लागला. मामांनी रुंद जागा पाहून गाडी थांबवली, पण इंजिन लगेच बंद केले नाही. ते मंद गतीने चालू ठेवले, म्हणजे पंप आणि पंखा चालू राहून आतील पाणी फिरत राहते. एकदम बंद केले तर उष्णता जागच्या जागी कोंडते. रेडिएटरच्या झाकणाला त्यांनी कोणास हात लावू दिला नाही. आतील पाणी दाबाखाली असते, झाकण उघडताच ते वाफेसह उसळते आणि हात-तोंड भाजते. वीस मिनिटांनी काटा खाली आला. तेवढ्या वेळात आमच्या विद्यार्थ्यांनी दरीकडे पाहत सूर्योदय पाहिला. मावशींनी चहा करायची परवानगी मागितली, पण चढावर उभ्या गाडीत शेगडी पेटवावयाची नाही, म्हणून तो बेत रहित झाला.

निघताना एक लहानशी गोष्ट घडली, तिच्याने आमच्या मनावर फार परिणाम झाला. तेथे रस्त्यावर आधीच्या कोणा गाडीच्या चाकाखाली लावलेले दोन मोठे दगड तसेच पडून होते. आपले काम झाल्यावर चालक निघून गेला होता. मामा खाली उतरले, दोन्ही दगड उचलून त्यांनी कडेला नेऊन ठेवले आणि मग आमच्याकडचे लाकडी ठोकळे मोजून गाडीत घेतले. “रातच्याला मोटारसायकलवाला यिल, त्याला दिसायचं न्हाई,” एवढेच ते म्हणाले. ज्या दगडाने आपल्याला आधार दिला तो दुसऱ्याच्या वाटेत पडू देऊ नये. धर्मादाय संस्थेच्या भिंतीवर लिहावे असे हे वचन आहे, आणि ते आम्ही घाटात ऐकले.

नागमोडी वळणांवर त्यांची रीत अशी. वळणाच्या आधीच वेग कमी, भोंगा आणि बाहेरच्या कडेने रुंद घेऊन मग आत. लांब बसचा मागचा भाग वळताना बाहेर झुलतो व आतली मागची चाके आत ओढली जातात, म्हणून दोन्ही आरशांत नजर. समोरून उतरणारी मोटार अरुंद जागी अडली, तेव्हा तिच्या चालकाने हातवारे करून आम्हांला मागे जाण्यास सांगितले. मामांनी शांतपणे नकार दिला. चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्याने वाट द्यावी असा नियम आहे आणि तो योग्य आहे. भाराची गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलणे कठीण आणि मागे घेणे त्याहून धोक्याचे. शेवटी ती मोटार दहा पावले मागे गेली, मामांनी कपाळाला हात लावून त्या चालकाचे आभार मानले आणि आम्ही पुढे निघालो. आठाच्या सुमारास आंबोलीच्या माथ्यावर पोहोचलो. तेथे मात्र चहा झाला, आणि पोरांनी मामांच्या नावाने तीनदा जयघोष केला. आमचा रोजा असल्याने आम्ही चहास मुकलो, पण जयघोषात सामील झालो.

परतल्यावर आम्ही चार नियम लिहून विश्वस्तांकडे दिले आणि त्यांनी ते मान्य केले. पहिला, प्रत्येक दौऱ्यापूर्वी गाडी काट्यावर जाईल, आणि मर्यादेच्या वर एक गठ्ठाही राहणार नाही, मग दाता कोणीही असो. दुसरा, पाण्याची टाकी दोनशे लिटरची असेल, ती दोन आसांच्या मध्ये असेल आणि तिच्यात पाणी उसळू नये म्हणून आडव्या फळ्या असतील. हे काम झाले आहे. तिसरा, पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, गाडी घाटात जाणार नाही. आंबोलीचे धुके आणि पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगावयास नको. चौथा आणि मुख्य, घाटात चालकाचा शब्द अखेरचा. बरोबर मुख्याध्यापक असोत, विश्वस्त असोत वा मंत्रिमहोदय असोत, मामा ‘नाही’ म्हणाले म्हणजे नाही. कारण विचारता येईल, पण गाडी थांबल्यानंतर.

या नियमांनी त्यानंतरचे सर्व दौरे निर्विघ्न पार पडले. उताराच्या वेळी मामांचा एकच मंत्र आहे, जो आपल्याकडील सर्व जुन्या चालकांचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. विद्यार्थ्यांना आम्ही तरफ, ऊर्जा, घर्षण हे धडे आता त्या बसपाशी उभे राहून शिकवतो. मामा बॉनेट उघडून दाखवतात आणि आम्ही समजावून सांगतो. क्वचित उलटही होते. गेल्या दौऱ्यात एका मुलीने विचारले, “तापलेला ब्रेक गार व्हायला किती वेळ लागतो?” आम्ही सूत्र मांडू लागलो. मामा म्हणाले, “बाळ, हात जवळ न्ह्यायचा, लावायचा न्हाई. मागं घ्यावासा वाटला की अजून थांबायचं.” मुलीने मामांचे उत्तर वहीत लिहून घेतले. आमचे सूत्र लिहून घेतले की नाही ते पाहण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

अध्यक्षमहाराज, आता शेवटचे. ही बस बंद करावी असे ज्यांना वाटते त्यांची काळजी खोटी नाही. आठ जीव त्या वळणावर होते, त्यांत दोन मुली दुसऱ्यांच्या घरच्या, आमच्या भरवशावर आलेल्या. त्यांच्या आईवडिलांना आम्ही परतल्यावर स्वतः जाऊन सर्व हकिकत सांगितली. एका वडिलांनी मुलीला पुन्हा पाठवले नाही, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. दुसऱ्या मुलीची आई म्हणाली, “लपवलं नाही ना, मग जाऊ दे तिला.” ती मुलगी आज बसचे पुस्तक-खाते सांभाळते.

आमची विनंती एवढीच की, जे घडले ते बसमुळे घडले नाही, आमच्या अट्टाहासामुळे घडले, हे ध्यानात घेऊन निर्णय व्हावा. मूळ चूक दुरुस्त झाली आहे. तथापि, गाडी जुनी आहे, आणि तिचा योग्यता दाखला ज्या दिवशी मिळणार नाही त्या दिवशी भावनेच्या भरात तिला घाटात नेऊ नये, हेही आम्ही आजच सांगून ठेवतो. तोपर्यंत डोंगरातील शाळांची मुले तिची वाट पाहतात. काही गावांत वर्षातून एकदा बाहेरचे पुस्तक येते, ते या बसने.

पन्नास वर्षे न्यास चालला तो याच चालीने चालला, असे जुनी इतिवृत्ते चाळताना आम्हांला दिसले. झेपेल तेवढाच भार, चढापूर्वीच गिअर खाली, मागून भोंगे वाजले तरी आपली चाल सोडावयाची नाही, आणि निघताना वाटेतले दगड उचलून ठेवावयाचे. पुढील पन्नास वर्षेही न्यास असाच चढत राहो. मामांनी उभे राहून आपणा सर्वांस नमस्कार करावा अशी आमची त्यांना विनंती आहे. ते ‘नाही’ म्हणत आहेत. येथे घाट नाही, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा नाही. मामा, उठा.